फुलचूरचे घर, वाळवी आणि दुर्गेश्वरीचा मांडव

मी, ओमेश्वर परसराम टेंभरे, वय सत्तावीस, धंदा मोटर वाइंडिंग, राहणार फुलचूर, ता. व जि. गोंदिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला आजार नाही. मी ज्या खोलीत झोपतो तिचे छप्पर पडू शकते, एवढेच कारण आहे.

१. घर वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. मागच्या खोलीच्या छपराचे कवेलू एका सागवानी मयालीवर, म्हणजे आडव्या तुळईवर, टेकले आहेत. ती मयाल वाळवीने आतून खाल्ली आहे. गोंदियाच्या एका कंपनीकडून हमीसह औषध मारून घेतले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात वाळवी परत आली. कंपनीचा माणूस अंगणात फिरला आणि म्हणाला, "मंडप आपने गाड़ा, ज़मीन आपने खोदी. गारंटी खतम."

मांडव माझी धाकटी बहीण दुर्गेश्वरी हिच्या लग्नाचा. टेंटवाल्याचा लोखंडी मांडव आईला चालला नाही, रीतीप्रमाणे हिरव्या डहाळ्यांचाच पाहिजे होता. खांबांचे खड्डे औषध मारलेल्या मातीत खोदले, हे खरे आहे. पण ते पुढच्या अंगणात. वाळवी मागच्या भिंतीतून चढली, जिथे कोणी कुदळ लावली नाही. पुढची वाळवी मागे जातच नाही, असे मात्र मी शपथेवर सांगू शकत नाही.

२. कंपनीला वकिलांमार्फत नोटीस दिली. उत्तर आले नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तज्ज्ञ नेमून घराची पाहणी व्हावी, असा अर्जही दिला आहे. वकील म्हणतात, पाहणी होईपर्यंत मयाल बदलू नका, पुरावा जाईल. धर्मेंद्र सुताराने फक्त टेकू लावून दिला. "हे लाकूड नाही राहिलं, पापड झाला आहे," तो म्हणाला. "याच्या खाली झोपू नको बाप्पा."

पण देवघर त्याच खोलीत आहे. आई शांतीबाई म्हणते, "देवाले एकटं टाकून मी पुढं कायले झोपू?" देव पुढच्या खोलीत हलवू देत नाही. मी मागे झोपलो तरच ती पुढे झोपते. माझ्यानंतर आईला, तिच्या देवांसह, दुर्गेश्वरीने चिचगडला सासरी न्यावे. ऐकणार नाही. तरी न्यावे.

३. काका टेकचंद यांना माझ्याकडून काही नाही. ते म्हणाले होते, "पुट्टी मार, रंग मार, विकून टाक. घेणारा काऊन ठोकून पाहील?" पुट्टीचा डबा आणूनही ठेवला. तो त्यांनी परत न्यावा. घर विकायचेच झाले तर घेणाऱ्याला आधी मयाल दाखवावी.

४. वाइंडिंग मशीन व सर्व हत्यारे दुकानातील माझा जोडीदार वीरेंद्र याला. त्याने तारेचा गेज मोजून घ्यावा. अंदाजाने भरतो आणि मोटर जळली की व्होल्टेजला शिव्या देतो.

५. बँकेत जे असेल ते आईला.

६. कंपनीने नंतर निरोप पाठवला की, नुकसान मांडवाच्या खड्ड्यांमुळे झाले असे लिहून द्या, तक्रार मागे घ्या, औषध फुकट मारून देतो. वकील म्हणतात, विचार करा, निकालाला वेळ लागेल. दुर्गेश्वरी परवा राखी बांधायला आली आणि फाटकातच उभी राहिली. आई म्हणाली, "आत तर ये." ती म्हणाली, "नको माय." मला म्हणाली, "भाऊ, करून टाक सही. माझ्याच मांडवानं घर खाल्लं ना." चहा न पिता गेली.

मी सही केलेली नाही. माझ्यानंतरही कोणी करू नये. तज्ज्ञाने तसा अहवाल दिला तर त्याने द्यावा, आयोगाने मानला तर मानावा. आमच्या घरातून ते लिहून जाणार नाही.

७. म्हणून घर दुर्गेश्वरीला. आईला मरेपर्यंत राहण्याचा हक्क. वारसाला तक्रार पुढे चालवता येते, हे वकिलांना विचारून घेतले आहे. ती दुर्गेश्वरीने चालवावी, आणि पाहणीच्या दिवशी मालकीण म्हणून फाटकातून आत यावे.

हे दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी आत येण्यास नकार दिल्यामुळे सह्या अंगणात झाल्या. मी आता आत जातो.

सही: ओमेश्वर परसराम टेंभरे

साक्षीदार:
१. भैय्यालाल बिसेन, शेजारी
२. धर्मेंद्र सुतार

ठिकाण: फुलचूर
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५