भरतीचे नियम

बाबा,

परवा उलव्याच्या एका फ्लॅटमध्ये चार इंजिनिअर माझ्यासमोर वाद घालत बसले होते. खेळ आपलाच. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, निकाल फाशांवर. वर्गणीतून कुठलं पुस्तक घ्यायचं यावर अडलं होतं: सुरुवातीपासून शेवटापर्यंत रचलेलं छापील साहस, की जादा नियमांची पुरवणी. मी म्हटलं, साहस घ्या. ते हसले. माझ्या घरी पुरवण्यांचं कपाट भरलेलं आहे.

त्या कपाटाला तुम्हीही हसायचात. "नियम लय झालं, गोष्ट कुठं हाय?" तुमचं डायलिसिस सुरू झालं, कंटेनर यार्डातली नोकरी सुटली, तेव्हा चार तास जावेत म्हणून मी एक साहस आणलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पनवेलच्या हॉस्पिटलात, तुमच्या खाटेशेजारी. फासे स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायचे. तुम्हाला योद्धा नको, जादूगार नको. तुमचं पात्र मिठागरावरचा माणूस. पहिल्याच भुयाराच्या तोंडाशी तुम्ही विचारता, "भरती कधी हाय?" पुस्तकात समुद्र आहे, भरती नाही. लिहिणाऱ्याने कधी तुमच्यासारखं मिठागराच्या बांधावर उभं राहून खाडीचं पाणी आत घेतलं नसावं. मी समुद्राच्या नियमांची पुरवणी मागवली. पुढच्या शुक्रवारी तुम्ही उधाणाचं पाणी भुयारात सोडलंत. राक्षस बुडाले, आणि त्यांच्याबरोबर पुस्तकाची पुढची चाळीस पानं. सिस्टर म्हणाल्या, काका, हात हलवू नका, सुई सरकेल.

त्यानंतर मी पुस्तकाबाहेरच खेळवत राहिले. पाण्याखाली गेलेलं एक गाव मी त्यात घातलं, मिठागरांसकट. आपल्या मिठागरावर भराव पडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुम्ही त्याचं नाव कधी काढत नव्हतात. पण खेळात त्या गावाशिवाय दुसरं काही शोधायला तुम्ही तयार नव्हतात. हे सगळं छापलेलं आहे अशी तुमची समजूत होती, आणि छापलेल्यावर तुमचा विश्वास होता. म्हणून मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मधूनमधून पान उलटायची.

शेवटच्या शुक्रवारी तुम्ही फासे उचललेच नाहीत.

"गाव वर येतंय का न्हाय, तेवढं सांग. पुस्तकात असंल."

मी म्हटलं, पुढचं आधी सांगायचं नसतं, खेळूनच कळतं.

"बरं," तुम्ही म्हणालात. "मंगळवारी."

सोमवारी तुम्ही गेलात. बारा वर्षं झाली. मी नियम पाळला, असं आईला सांगितलं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे खरं लिहिते: तुम्ही विचारलंत तेव्हा मी शेवट ठरवलेलाच नव्हता. अजून पुष्कळ मंगळवार आहेत असं वाटत होतं. आज हे लिहिण्याआधी गोष्टीतलं ते गाव पाण्याबाहेर काढायला बसले होते. येत नाही, बाबा. पण त्या दिवशी "येतंय" म्हणता आलं असतं.