पोर कोण राखतं?

बाई, काल मी विद्यापीठात जवळजवळ भांडूनच आले, आणि अजून मला रागही येतोय आणि आनंदही होतोय. माझ्यासारख्या निवृत्त बाईला बोलावायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि तिने मान डोलवावी अशी अपेक्षा करायची, हे मला जमत नाही. कुटुंब आणि मुलांचं संगोपन यावरच्या नव्या पाहणीची प्रश्नावली त्यांनी माझ्यापुढे ठेवली. त्यात प्रश्न होता: ‘मुलाला कोण सांभाळतं?’ मी तो लाल पेनाने खोडला. “मॅडम, छापून झालंय,” तिथला प्राध्यापक म्हणाला. “मग पुन्हा छापा,” म्हटलं.

मला घोडेगावातली आपली खोली आठवली. नव्वदच्या दशकाची सुरुवात. तुम्ही माझ्या मार्गदर्शक. स्टोव्हवर पिठलं ढवळता ढवळता तुम्ही तळेघर गावातल्या पाहणीचे माझे फॉर्म चाळताय. “‘मुलाला कोण सांभाळतं?’ याच्यापुढे सगळीकडे ‘कोणी नाही’? मग ही पोरं काय आपोआप वाढली? परत जा. आणि ते कॉन्व्हेंटचं मराठी इथेच ठेवून जा.” मी भडकले. “त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय!” तुम्ही शांतपणे म्हणालात, “हे असंच छापलं तर डोंगरातल्या आयांनी मुलं वाऱ्यावर सोडलीत, असं जग म्हणेल. चालेल तुला?”

दुसऱ्या दिवशी तणतणत तळेघरला गेले. भाताच्या रोपांची आवणी चालू होती. बांधावरून मी तोच प्रश्न विचारला, तशी चिखलात वाकलेली एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. “सांभाळाया त्ये काय बिनआईबापाचं हाय व्हय? आमी हाय की जित्ती!”

“मग तुम्ही इथे असता तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं?”

“राखत्यात की! सासू राखती, जाऊ राखती, शेजारची म्हातारी राखती. तुमी इचारलं व्हतं का तसं?”

“पुन्याच्या बाईला शब्दच घावंना!” दुसरी म्हणाली आणि अख्खं खाचर हसलं. बाई, मीही हसले, इतकी की चप्पल चिखलात गेली. ‘सांभाळणं’ म्हणजे त्यांच्या लेखी पोरक्याला आसरा देणं! एका शब्दापायी मी सगळ्या गावाची पोरं अनाथ करून ठेवली होती. मग घरोघर ‘पोर कोण राखतं?’ विचारत फिरले, आणि फॉर्मवर नावं मावेनात.

अहवालाच्या प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंत, की ही चूक माझ्या विद्यार्थिनीच्या प्रामाणिकपणामुळे सापडली. ते वाक्य काल मी विद्यापीठातल्या पोरींना वाचून दाखवलं, ताठ मानेने. घरी येताना मात्र ते टोचत राहिलं. पहिल्या फेरीत शेवटच्या तीन घरी मी गेलेच नव्हते, बाई. एसटी चुकेल म्हणून थांब्यावर बसूनच तिथे ‘कोणी नाही’ लिहिलं. तुमच्याशी एवढ्या मोठ्या आवाजात भांडले ती तीच तीन घरं लपवायला. तुम्ही होतात तोवर हे सांगता आलं नाही, आणि आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, याचं मला जरा बरंही वाटतंय.