झाडावरचं खोगीर आणि कवडूचा दोर

मी, गुणवंता वल्द सखाराम खवसे, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा शिवणकाम व शेती, राहणार मौजा मोहगाव, तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतो आणि सुनेचं पुटपुटणं भिंतीपलीकडून ऐकू येतं. दारू मी घेत नाही. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून हे लिहून राहिलो नाही. याआधी सौंसरच्या वकिलाकडे एक कागद केला होता, तो रद्द समजावा. त्यात मी खोटं लिहिलं होतं.

हा कागद कशासाठी ते आधीच सांगतो, म्हणजे माझा मुलगा मोरेश्वर नुसती पानं उलटत बसणार नाही. नाल्याकाठची संत्र्याची बाग मी त्याला देत नाही. ती कवडू वल्द लहानू नेवारे, दोर वळणारा, याची विधवा अंबाबाई, हल्ली मुक्काम तिगाव, हिला देतो. माझा धाकटा भाऊ मुकुंद कवडूच्या सडक्या दोराने मेला असं गाव सात वर्षांपासून मानतं. दोर सडका नव्हता. मुकुंदाला मी मारलं, आणि मग कवडूलाही मीच मारलं. मोरेश्वर, तू कोर्टात जाशील तर हा कागद तिथे मोठ्याने वाचला जाईल, एवढं ध्यानात ठेव.

कलम पहिले. राहतं घर. समोरच्या दोन खोल्या व दुकान मोरेश्वरला. मागच्या दोन खोल्या, विहिरीचा हक्क व परसातलं कडुलिंबाचं झाड मुकुंदाची विधवा रजनी हिला, ती जिवंत असेतो आणि नंतर ती सांगेल त्याला. मधलं दार कोणी बंद करू नये. सुनेने ते दोनदा खिळे ठोकून बंद केलं आणि दोन्ही वेळा मी खिळे उपटले. तिसऱ्यांदा ठोकलं तर समोरच्या खोल्याही रजनीच्या.

कलम दुसरे. पायाचं शिवणयंत्र, काज करायचं यंत्र, इस्त्री व कापड मोजायचा लोखंडी गज मोरेश्वरला. मोठी कातर शालिकराम सोनाराने पोराच्या मुंजीत कापड कापायला नेली, त्या पोराला आता पोरं झाली. ती कातर त्याच्याकडून वसूल करावी. तो नाही म्हणेल. त्याच्या माजघरातल्या फळीवर आहे, मी पाहिली आहे.

कलम तिसरे. एकनळी बंदूक, पिकाच्या राखणीचा परवाना माझ्या नावावर. माझ्यामागे आठ दिवसांत ती ठाण्यात जमा करावी. मोरेश्वरने तिला हात लावू नये. रागाच्या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे.

कलम चौथे. खोगिरं. पत्र्याच्या ट्रंकेत दोन आहेत. नवीन माणसाला वाटेल घोड्याची, म्हणून सांगतो, ही झाडाची, खोडाला टांगून राखणीला बसायची. आमच्याकडे ज्वारी दुधात आली की डुकरं नाल्यातून वर येतात आणि एका फेरीत अर्धं वावर झोपवतात. मचाण बांधावं तर दोन दिवस जातात आणि ताज्या तोडलेल्या लाकडाकडे डुक्कर फिरकत नाही. मुकुंदाने पांढुर्ण्याला विजेच्या खांबावर एक माणूस पाहिला. तो पट्ट्याला रेलून दोन्ही हातांनी काम करत होता. मुकुंद दुकानात आला तो सरळ माझ्या यंत्रावर हात ठेवून म्हणाला की दादा, असंच कापडात शिवून दे, पण पिशवीत मावलं पाहिजे.

कृती लिहून ठेवतो, कारण असं खोगीर दुसऱ्या कोणी केलेलं मी ऐकलं नाही. खाकी ड्रिलचे दोन पदर घ्यावेत. लांबी दोन हात, रुंदी एक वीत चार बोटं. मधोमध दोन चुण्या घालाव्यात, म्हणजे बूड बसतं आणि काठ मांडीला कापत नाही. काठाला पलंगाची नवार दुमडून शिवावी. दोन्ही टोकांना नवारीचे नाके करावेत. नाक्यावर चौकोनी टीप, चौकोनात फुली, मेण लावलेल्या दोऱ्याने, एकावर एक पाच वेळा. दोन नाक्यांमध्ये हातभर दोर, आणि त्या दोरातून दुसरा लांब दोर डोक्याच्या वर खोडाभोवती. पाय खोडाला लावायचे, मागे रेलायचं, दोन्ही हात बंदुकीला मोकळे. साबणाने धुवू नये, डुकराला वास येतो. पळसाच्या ओल्या पानांच्या धुरावर धरावं.

पहिलं खोगीर वाण्याच्या काट्यावर सव्वा किलो भरलं. मुकुंद हसला, म्हणाला एवढं ओझं तर बायकोही माहेरी नेत नाही. मला झोंबलं. मी ते उसवलं, चुण्या आखडल्या, नवार निम्मी केली आणि अर्ध्या किलोच्या आत आणलं. ड्रिल कुठलं म्हणाल तर रेल्वेवाल्यांचे गणवेश शिवताना वाचवलेले तुकडे. ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ म्हणतात ते उगाच नाही. शिंप्याच्या हाताखालून कापड गेलं की त्यातून काहीतरी काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या भावाचा जीव या खोडीपायी गेला.

मुकुंदाच्या खोगिरावर डाग आहेत. ते कोणी धुवू नये व जाळू नये. त्याचं काय करायचं ते रजनी ठरवेल. शिवण आजही एका टाक्याने उसवलेली नाही. हे मी अभिमानाने लिहितो आणि लिहिताना माझी मलाच किळस येते.

कलम पाचवे. मुकुंदाचं मरण. दोर कवडूने वळून दिला होता. अंबाडीचा, तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड. देताना म्हणाला होता की भाऊ, याले कापू नका, जड वाटला तरी राहू द्या. खोगीर हलकं झालं आणि हा दोरच तेवढा जड उरला. मी दुकानात बसून मुकुंदाच्या दोराचा पीळ उकलला, एक पेड काढून घेतला, उरलेल्या दोघांना परत पीळ दिला. खोडावर घासून आवाज होऊ नये म्हणून वरून कापडाची खोळ शिवली, त्यात दोर झाकून गेला. परसातल्या लिंबाला सरकीचं भरलेलं पोतं त्याच दोराने दिवसभर टांगून ठेवलं. टिकलं. पण पोतं बंदूक चालवत नाही, हे मला सुचलं नाही. माझ्या दोराचा पेडही काढणार होतो, वेळ मिळाला नाही.

सन १९८१, दसऱ्यानंतरचा आठवा दिवस. चांगलं उजाडलं होतं. मुकुंद मागून आणलेली बंदूक घेऊन मोहाच्या झाडावर, मी पंधरा पावलांवर बेहड्याच्या झाडावर. कवडू आणि चौघे जण ज्वारीतून हाका घालत आले. एकला मोठा नर निघाला. मुकुंदाने बार टाकला, तो डुकराच्या पुठ्ठ्यात बसला. बंदुकीच्या धक्क्याने मुकुंद मागे गेला आणि दोर तुटला. तो पाठीवर पडला, जखमी डुकराच्या समोर.

डुकराने आधी मांडी फाडली, मग वळून पोट. सुळा आत घालून तो मान वर झटकत होता. मुकुंद ‘दादा, दादा’ करत होता. मी सगळ्यांना सांगितलं की माझी गाठ सुटेना. गाठ एका झटक्यात सुटणारी होती, मीच तशी बसवली होती. माझ्या मांडीवर भरलेली बंदूक होती. मी बार टाकला नाही आणि खाली उतरलो नाही. भ्यालो. कवडू ज्वारीतून पळत आला आणि त्याने कुऱ्हाडीचे घाव डुकराच्या मानेवर घातले, डुक्कर आडवं होईपर्यंत. मग आपलं धोतर सोडून त्याने मुकुंदाचं पोट बांधलं. बैलबंडीत घालून सौंसरला नेताना अर्ध्या वाटेत मुकुंद गेला. शेवटपर्यंत त्याचं डोकं कवडूच्या मांडीवर होतं.

कलम सहावे. कवडू. प्रेत घरी आणलं, अंगणात माणूस मावेना. दोर कसा तुटला, असं जो तो विचारू लागला. मी म्हटलं, सडका होता. तुटलेलं टोक कवडूच्या हातात होतं. त्याने खोळ मागे सारली, टोक उकलून पाहिलं, आणि माझ्याकडे पाहून हळूच बोलला, “गुणवंतभाऊ, याच्यात तीन पेड होते जी.”

तो दुसऱ्यांदा बोलू नये म्हणून मी बंडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडा, उपसली आणि त्याच्या तोंडावर हाणली. दात पडले. खाली पडल्यावर गुडघ्यावर हाणली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि पुन्हा हाणली. मग गाव तुटून पडलं. ज्याने भावाला डुकराच्या तोंडातून ओढलं, त्याच्या अंगावर माझ्या भावाचं रक्त होतं, त्यावर त्याचं स्वतःचं चढलं. अंबाबाई मध्ये पडली तर तिला केसांना धरून फरफटवलं. ठाण्यात सगळ्यांनी एकच सांगितलं, कवडू झाडावरून पडला.

त्यानंतर कवडूचा दोर कोणी घेतला नाही. पोळ्याला बैलांना नवे कासरे लागतात, लोक ते सौंसरच्या बाजारातून आणू लागले. दोघं नवरा-बायको तिगावला गेली. तिथे स्टेशनाबाहेर मोडक्या पायाने बसून तो शेंगा विकत असे. मी एकदा गाडीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. १९८५ च्या थंडीत तो मेला. त्याने कोणालाही ती तीन पेडांची गोष्ट परत सांगितली नाही. सांगून कोण ऐकणार होतं?

कलम सातवे. बाग. नाल्याकाठची पावणेतीन एकर, दोनशे दहा संत्र्याची झाडं, विहीर व मोटारपंपासह. ही माझ्या स्वकमाईची आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे तिच्यावर कोणाचा दावा चालणार नाही. ती अंबाबाईला, व तिच्यानंतर तिची मुलगी छाया हिला. ही दया नव्हे. दया करणारा माणूस वेगळा असतो, माझ्याबद्दल गावात विचारा.

येथवर मी श्रावणात स्वतःच्या हाताने लिहिले. येथून पुढचा मजकूर मी तोंडाने सांगतो आणि सुधाकर मास्तर लिहितात.

कलम आठवे. हा कागद घेऊन मी तिगावला गेलो होतो. अंबाबाईने बसायला सांगितलं नाही. मी उभ्याउभ्या वाचलं. तिने हातातलं काम चालूच ठेवलं, आणि वाचून झाल्यावर म्हणाली, “मेल्यावर सांगून काय करता? त्याईले तुमी जित्तेपनी मारलं. जित्तेपनीच सांगा, जिथं मारलं तिथं.” बागेबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

म्हणून यंदाच्या पोळ्याला आखरावर, गावची गुरं जमतात त्या मैदानात, तोरणाखाली सगळ्या गावचे बैल उभे असताना, पोळ्याची गाणी, झडत्या, संपल्यावर मी पुढे झालो. लोकांना वाटलं म्हातारा झडती म्हणतो, पोरं हसायला लागली. मी पाचवं आणि सहावं कलम वाचलं. अक्षर माझंच होतं, अडखळलो नाही. मोरेश्वर माझ्या अंगावर धावून आला, बाग जाते म्हणून की लाज गेली म्हणून ते त्याचं त्याला ठाऊक. त्याला लोकांनी धरलं. रजनीला कोणी धरलं नाही.

ती घरी गेली आणि दुकानातला लोखंडी गज घेऊन आली. सात वर्षं ती कवडूच्या पडक्या घरासमोरून जाताना थुंकत होती. तिने विचारलं, “पेड कोणत्या हातानं काढला?” मी उजवा पुढे केला. तिने तो तोरणाच्या खांबावर धरायला लावला आणि बोटांपासून मनगटापर्यंत ठेचला. मी काढून घेतला नाही. चक्कर येऊन पडलो तेव्हा तिने गज माझ्या अंगावर टाकला आणि निघून गेली. आता त्या हाताने घास उचलत नाही.

याबद्दल कोणी फिर्याद करू नये. मोरेश्वरने केल्यास कलम पहिले व दुसरे यांतलं त्याचं सगळं रजनीला जाईल. रजनीच्या खोल्या, विहीर आणि झाड जसंच्या तसं कायम.

कलम नववे. या कागदाला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम अशांनाच बोलावलं जे त्या दिवशी माझ्या अंगणात होते. तीन जण आजारी असल्याचं सांगून आले नाहीत. जे आले त्यांना मी म्हटलं, नुसतं माझ्या अंगठ्याला साक्ष राहू नका, तुम्ही काय केलं तेही सहीसोबत लिहा. नाही लिहायचं तर चहा पिऊन जा.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं. बरोबर आहे. त्यात मला काही कमी करायचं नाही.

ठिकाण : मौजा मोहगाव
तारीख : १९ ऑक्टोबर १९८८

गुणवंता सखाराम खवसे
(उजवा हात निकामी असल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा)

लिहिणार : सुधाकर बोबडे, शिक्षक. मी तेव्हा या गावात नव्हतो.

साक्षीदार पहिला : यशवंतराव घागरे. गुणवंताने माझ्यासमोर अंगठा केला. त्या दिवशी कवडू खाली पडलेला असताना मी त्याला पोटात लाथा मारल्या. किती ते आठवत नाही. सही.

साक्षीदार दुसरा : वामन कामडी. गुणवंताने माझ्यासमोर अंगठा केला. कवडू सरपटत माझ्या दारापर्यंत आला होता आणि पाणी मागत होता. मी आतून कडी लावली. सही.