पोराच्या भाड्याची पावती

आय, काल तुझ्या नातवाने मला नोटीस दिली. एका महिन्याची, घर सोडण्याची. जेवता जेवता, हसत. "पप्पा, पालघरला स्टेशनजवळ फ्लॅट बघितलाय. भाडं इथेही देतोच, तर तिथे देतो." माझी सून हसली, मीही हसलो. पण माझे कान तुझे आहेत. तू नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कुणाची बोट आली ते सांगायचीस. त्या हसण्यात थट्टा किती आणि ठरलेलं किती, ते मला कळलं.

भाडं घ्यायला तुझ्याकडूनच शिकलो होतो. बोईसरला वेल्डरचा हेल्पर लागलो, पहिला पगार घेऊन सातपाटीला आलो, तेव्हा तू ओट्यावर बोंबील साफ करत होतीस. हात पुसलास आणि पुढे केलास. "दोन टाइम जेवतोस ना? ताटाचे दे." मी चिडलो, "पोराकडून कोण घेतं, आय?" "मी घेते. बोटी बंद असतात तवा आमी सुकटीवर दिवस काढतो. तू बी पगार थोडा सुकवायला शीक." दर महिन्याला तेच. तू पैसे घ्यायचीस, कमी आहेत म्हणून भांडायचीस, मालक काय बोलला ते खोदून विचारायचीस, आणि शेवटी तव्यावरचा मोठा तुकडा माझ्याच ताटात टाकायचीस. पुढे मला वेल्डिंग मशीन घ्यायचं होतं, तर टोपलीखालची पिशवी काढून समोर आपटलीस. "तुजेच हायत. वास येल, येऊ दे. सांग, मच्छीवालीचा पोर हाय." आजचं वर्कशॉप त्या वासावर उभं आहे.

मी तसंच करायला गेलो. पोरगा तिशी ओलांडलेला, एमआयडीसीत चांगल्या पगारावर. पण वर्षाला नवा फोन, गाडीचा हप्ता, आणि घरात कालवण उकळत असताना दारात कुणीतरी "सर, ऑर्डर" म्हणत उभा. बोलून बोलून मी थकलो. शेवटी म्हटलं, पुढच्या महिन्यापासून घरभाडं दे. तो चिडेल, मग साठवेल, असा माझा अंदाज. तो म्हणाला, "ओके पप्पा. फक्त सहीची पावती द्या, टॅक्समध्ये सूट मिळते." एक तारखेला शेजारच्या खोलीतून पैसे आले. माझा फोन टिंग वाजला. झालं.

तेव्हापासून टिंग आणि सही, टिंग आणि सही. पैसे मी वेगळे ठेवलेत; कधीतरी मागायला येईल, मग मीही पिशवी आपटेन. आला नाही. गाडीच्या हप्त्याला कमी पडले तेव्हा त्याने फोनवरच कर्ज काढलं. मी म्हटलं, "बाप मेला होता का?" तर शांतपणे म्हणतो, "फोन विचारत नाही ना पप्पा, कशाला पाहिजेत. तुम्ही आधी भाषण देता, मग पैसे." खोटं नव्हतं. या पोरांना आम्ही उधळे म्हणतो, पण याचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. फक्त त्यात मी घरमालक आहे. तुझ्यापुढे ताटाचे पैसे ठेवायला मला अर्धा तास लागायचा, शिव्या आणि काटे काढण्यासकट. टिंगला काय लागतं?

हे तुला पोचणार नाही. पोचलं असतं तर म्हणाली असतीस, "आरं, मग आत्ताच दे की त्याचे त्याला!" देईन. पण तो "थँक यू पप्पा" म्हणेल आणि आपला अकाउंट नंबर पाठवेल, पुन्हा शेजारच्या खोलीतूनच. म्हणून एक केलंय, तुला म्हणून सांगतो. या महिन्याची पावती लिहून ठेवली आहे, पण सही मुद्दाम केलेली नाही. ती मागायला त्याला माझ्या खोलीत यावं लागेल. बोंबील आणून ठेवलेत.