लोमोनाकोंच्या दुकानातली सून

१२ सप्टेंबर २००६, मंगळवार

मागे जाऊन थांब म्हणे! मला! माझ्याच टबसमोरून उठवलं!

आज टीव्हीवाले आले होते. जुन्या दुकानांवर त्यांची एक मालिका आहे, त्यात 'लोमोनाको अँड सन्स'वर एक भाग. ऑगीचे पणजोबा बारीजवळच्या कुठल्याशा गावातून बोटीने आले आणि न्यू जर्सीत याच रस्त्यावर त्यांनी चीजचं दुकान टाकलं. मग आजोबा. मग पॉप, म्हणजे माझे सासरे. चौथी पिढी ऑगी, माझा नवरा. चौथ्या पिढीला मोझरेला करता येत नाही, ती इन्शुरन्स कंपनीत नोकरी करते आणि शनिवारी गल्ल्यावर बसते!

मोझरेला मी करते. आसावरी लोमोनाको, माहेरची पांढरीपांडे, धरमपेठ, नागपूर. २००१ साली प्रोग्रामिंगची नोकरी गेली. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा म्हणून दुकानात जायला लागले, ती तिथलीच झाले. सलामीच्या, म्हणजे मांसाच्या, काउंटरला मी अजून हात लावत नाही. पण चीज माझं. टबातल्या खारट, चटके देणाऱ्या पाण्यात कर्डचे, म्हणजे फाडलेल्या दुधाच्या चोथ्याचे, तुकडे सोडायचे, लाकडी वल्ह्याने हलवायचे, मग दोन्ही हातांनी ओढत राहायचं, रेशमासारखं चमकेपर्यंत. पॉपनी शिकवलं. आता त्यांचा खांदा गेलाय, तेव्हा सगळं माझ्यावरच.

तर मी एप्रन घालून, कोपरापर्यंत ओल्या हातांनी उभी. कानाला हेडसेट लावलेली टीव्हीवाल्यांची ती मुलगी आली, केली तिचं नाव. अगदी गोड आवाजात — "डोंट वरी, आम्ही तुला फ्रेममध्ये घेणार नाही. तू मागे स्टोअररूममध्ये थांब."

डोंट वरी!

मी पॉपकडे बघितलं. पॉपनी ऑगीकडे बघितलं, मग जमिनीकडे. एक शब्द नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात ऑगीने दंड धरला. "आसा, प्लीज. सीन नको करूस. थोडाच वेळ आहे."

मी टोमॅटोच्या डब्यांमध्ये उभी राहून ऐकत होते. ऑगीने पाण्यात हात घातला आणि ओरडला. परत घातला, परत ओरडला. शेवटी त्या लोकांनी मी सकाळी केलेले गोळे त्याच्या हातात दिले आणि तेच शूट केले. गोरी त्वचा, इटालियन नाक, झालं काम! सावळ्या बाईने चीज करायचं आणि डब्यांशी बोलायचं.

१३ सप्टेंबर

पॉप म्हणाले, गुड मॉर्निंग. मी उत्तर दिलं नाही. दिवसभर दिलं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

दाखवलं आज. "चार पिढ्यांचे हात" असं तो निवेदक म्हणाला आणि पडद्यावर ऑगीचे हात! त्या हातात माझं चीज! घडी कशी घातलीय त्यावरून मला माझा गोळा ओळखता येतो. शंभरात ओळखेन.

लगेच प्रीताचा फोन. पिस्कॅटवे गावातली मैत्रीण, मराठी मंडळात ओळख झालेली. "अगं, आम्ही सात-आठ जणं जमून बघितलं, आमच्या देवने तर रेकॉर्ड केलं. तू कुठे होतीस? इंडियाला गेली होतीस की काय?"

मग नागपूरहून आई. "काय गं, दाखवलं का तुला? मी अख्ख्या कॉलनीला सांगून राहिले ना!"

म्हटलं, आई, माझा भाग कापला. वेळ कमी पडला.

खोटं मी का बोलायचं? लाज त्यांना वाटायला हवी. आणि शब्द शोधत बसायची वेळ माझ्यावर!

ऑगी म्हणतो, "टीव्हीवाले असेच असतात यार." हे 'यार' माझ्याकडूनच शिकलाय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुकानाबाहेर रांग! टीव्हीची जादू. एका बाईने ऑगीबरोबर फोटो काढून घेतला. त्याचे हात हातात घेऊन बघितले — हात! मग माझ्याकडे वळली. "तुम्ही इथे काम करता का?" हो म्हटलं. तर खाली वाकून, हळूच विचारते, "हे लोक तुम्हाला नीट वागवतात ना?"

आता हसू की रडू?

दुपारी गर्दी ओसरली आणि माझा स्फोट झाला. पॉप काउंटर पुसत होते.

"पॉप, तुम्ही एक शब्द बोलायचा होता. एक! ही माझी सून आहे, हीच चीज करते. एवढं जड होतं?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "यू आर राइट. मी बोलायला हवं होतं."

बस. एवढंच! ना सॉरी, ना कारण. भांडले असते तर बरं वाटलं असतं. हा माणूस फुटबॉलवरून दुकान डोक्यावर घेतो आणि माझ्या वेळी याला वाचा नाही!

मी एप्रन खुंटीला लावला. म्हटलं, पाटीवर 'अँड सन्स' लिहिलंय ना? मग करू देत आता सन्सना.

१७ ऑक्टोबर

घरी. कपाटं आवरली. भाजणी केली, थालीपीठ लावलं. अर्धं तसंच झाकून ठेवलं.

ऑगी म्हणतो, पॉप खांदा दुखत असून स्वतः चीज ओढतायत, तू परत ये. मी म्हटलं, मग तू कर. त्याने टीव्ही लावला.

मला त्या टबची आठवण येते. हे मी कुणालाही सांगणार नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

नॉनाचा फोन! पॉपच्या आई. नव्वदी उलटलीय, ऐकू कमी येतं, म्हणून स्वतःच ओरडून बोलतात. अर्धं इंग्लिश, अर्धं त्यांच्या गावचं.

"चीज रबरासारखं झालंय! कुत्रं खाणार नाही! तू कधी येणार?"

सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. 

मग म्हणाल्या, "दुकानात भिंतीवर बघ. माझा सासरा आहे, नवरा आहे, मुलगा साल, तुझा पॉप, आहे. मी आहे का? लग्न होऊन आले तेव्हापासून माझे हात त्या पाण्यात. मुलं झाली, परत पाण्यात. मी कधी चिडले नाही. सगळे म्हणायचे, फिलोमेना किती चांगली!" आणि एक शिवी दिली, तिचा अर्थ पॉपनी मला कधी सांगितलेला नाही. "तू चीड. यू स्टे मॅड. पण चीज कर!"

फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले. या घरात कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की मी चिडले ते बरोबर आहे. तरी पॉपना माफ करणार नाही. नाहीच. ज्याने शिकवलं त्याने मान खाली घालावी?

२६ ऑक्टोबर, गुरुवार

केलीचा फोन. नाताळसाठी परत यायचंय त्यांना. "आम्हाला मागच्या वेळीही तूच हवी होतीस. पण तुझा नवरा म्हणाला, तुमच्यात बायका कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. आम्ही त्याचा मान राखला."

तुमच्यात!

ऑगी ऑफिसमधून आला, बूट काढायच्या आत विचारलं. नाकारलं नाही. पॉपना माहीत होतं? त्याच दिवशी कळलं त्यांना. मग बोलले का नाहीत? "मी सांगू नका म्हटलं. तू मला सोडून जाशील म्हणून." आणि मग, बुटांकडे बघत — "पॉपनी मला कधी त्या टबपाशी उभं केलं नाही, आसा. एकदाही नाही. तुला केलं."

मी गाडी काढली. पॉपच्या घरी आलेय, वरच्या खोलीत बसून लिहितेय. काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. आत्ता जिन्याखालून हाक आली — "डिड यू ईट?"