पोलंडच्या बाई काय म्हणाल्या

८ जानेवारी, बुधवार

बोलले एकदाची. आणि बोलून पस्तावले!

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, संध्याकाळी सातची ऑनलाइन बैठक; एका बैठकीत दोन-तीन केस. पडद्यावर पाच-सहा देशांतले डॉक्टर. आमच्या कल्याण शाखेच्या मात्र बहुतेक खिडक्या काळ्या — नाव हजर, माणूस गायब. नियम साधा आहे. एका डॉक्टरने आपली अडलेली केस सांगायची, मग माइक बंद करून गप्प बसायचं. बाकीचे त्या पेशंटबद्दल आणि त्या डॉक्टरबद्दलही मनात येईल ते बोलतात. सल्ला नाही, औषधांची नावं नाहीत. दुखणं शरीरात आणि मूळ मनात, अशा पेशंटसाठी ही पद्धत. तीन वर्षं मी हिच्यामागे हात धुऊन लागलेय. मार्चअखेरपर्यंत इथल्या सहा डॉक्टरांनी एकेक केस मांडली, तर शाखेला कायमची मान्यता. नाहीतर गाशा गुंडाळा.

मी सगुणाबाई मांडल्या. त्यांना विचारून, नाव बदलून. राहायला मोहन्याला, कल्याणात पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. सर्वांगाची आग होते. रात्री उठून अंगावर पाणी ओततात. रिपोर्ट सगळे नॉर्मल.

मग मी गप्प. पोलंडच्या डॉक्टर हान्ना सगळ्यांत शेवटी बोलल्या, तेही एवढंच. म्हणाल्या — मला ती पेशंट नीटशी दिसत नाही. दिसते ती एक दमलेली डॉक्टर.

नियमाप्रमाणे मला तोंड उघडता येईना!

९ जानेवारी

दमलेली म्हणे! एक दिवस कल्याणची ओपीडी काढून दाखव, बाई. मग बोल.

२१ जानेवारी, मंगळवार

सगुणाबाई आल्या. बसायच्या आधीच, "काय म्हणाले ओ ते परदेशातले?"

म्हटलं, पोलंडच्या एक बाई धरून सगळे तासभर तुमच्याबद्दलच बोलत होते.

"तासभर? नुसतं माझ्यावर?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "आमच्या घरात माझ्याशी दोनच वाक्यं होतात, मॅडम. जेवायला वाढ. नाहीतर, चावी कुठंय." नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून तो बोलत नाही, आणि मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही. हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी विचारलंच नव्हतं बहुतेक.

जाताना पोलंडच्या बाई दिसायला कशा आहेत ते विचारून घेतलं. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला — ऐकून खूश! ते दमलेल्या डॉक्टरचं मात्र मी सांगितलं नाही. ते काय सांगायचं?

१ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्याला सुमितकडे. माझा जुना विद्यार्थी, आता पोटाचा मोठा डॉक्टर. कॉफी आली, बिस्किटं आली, होकार काही आला नाही.

"खरं सांगू, मॅडम? केस मांडायची म्हणजे माझं अडलंय हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. उद्या त्यातलाच एक म्हणेल, सुमितला जमत नाही, पेशंट दुसरीकडे पाठवा. धंदा आहे हा, काय करणार?"

सगुणाबाईंचं सांगितलं तर हसला. "अहो, तव्यासमोर उभी राहते ना ती? मग आग होणारच की!"

त्याचं पहिलं म्हणणं खोटं नाही, हेच वाईट. येताना रिक्षावाल्याशी भांडले. त्याची काही चूक नव्हती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

इथून फक्त मी आणि हरिहरकाका. शहाडचे जुने फॅमिली डॉक्टर. एकही बैठक चुकवत नाहीत — कॅमेरा चालू ठेवून निवांत झोपतात! आज मात्र जागे होते. म्हणाले, "पुढच्या वेळी मी मांडतो, नीला. एक पोर आहे. चाळीस वर्षं झाली, डोक्यातून जात नाही."

फार बरं वाटलं. काकांनी तोंड उघडलं तर बाकीच्यांना लाज तरी वाटेल.

१७ फेब्रुवारी

सगुणाबाईंचं रात्रीचं पाणी ओतणं थांबलंय! गोळी तीच. मी काही केलेलं नाही.

७ मार्च

हरिहरकाका गेले. झोपेतच.

स्मशानात वीसेक डॉक्टर जमले होते. सुमितही ठाण्याहून आला होता. सहा हवे होते रे मला, सहा! तेव्हा कुठे होतात सगळे?

ते पोर कोण होतं, त्याला काय झालं होतं — आता कुणाला विचारणार?

१२ मार्च

मी एकटी. निम्म्यातच बाहेर पडले.

२ एप्रिल, बुधवार

मेल आली. फार गोड भाषेत. कल्याण शाखा बंद करण्यात येत आहे, एकेकट्या डॉक्टरला घेण्याची सोय नाही, आपल्या प्रयत्नांबद्दल आदर आहे.

हान्नाची वेगळी एक ओळ. "तू कशी आहेस?"

उत्तर लिहिलं नाही. काय लिहू, दमलेय म्हणून?

९ एप्रिल, बुधवार

सात वाजले आणि हाताला कामच नाही. मार्केटात जाऊन वांगी घेतली. घरी आल्यावर आठवलं, वांगी मला आवडत नाहीत. ह्यांना आवडायची. ह्यांना जाऊन पाच वर्षं होतील.

११ एप्रिल

सगुणाबाई. पहिला प्रश्न तोच — पोलंडच्या बाई काय म्हणाल्या?

बंद पडलं ते सांगणार होते, देवाशपथ. पण त्या इतक्या सावरून बसल्या होत्या! तोंडातून निघून गेलं, "म्हणाल्या, सगुणाबाईंनी बहिणीला फोन करावा."

"त्यांना कसं कळलं मला बहीण आहे?"

"मी सांगितलं."

सरळ सरळ थाप. एवढी वर्षं पेशंटशी खोटं बोलले नाही आणि आता हे.

१४ मे, बुधवार

पुन्हा सात. पुन्हा मार्केट. या खेपेला भेंडी.

१६ मे

आज तर कहर केला. सगुणाबाईंनी विचारलं आणि मी दहा मिनिटं बोलत होते! हान्ना असं म्हणाल्या, हान्ना तसं म्हणाल्या. माझी हान्ना खऱ्या हान्नापेक्षा बोलकी निघाली. शेवटी म्हटलं, "त्या म्हणाल्या, जो दिवसभर दुसऱ्यांचं ऐकतो, त्यालाही घरी कुणीतरी विचारणारं लागतं."

सगुणाबाईंनी मान हलवली. "बरोबर बोलल्या."

हे त्यांच्यासाठी नव्हतंच. माझ्यासाठीच बोलले मी. क्लिनिक बंद करून तिथेच रडले. फार एकटं वाटतं. पुढच्या वेळी खरं सांगून टाकायचं — मग त्यांची आग परत आली तर तेही माझ्याच माथी.

१३ जून, शुक्रवार

मी तोंड उघडायच्या आत सगुणाबाईच म्हणाल्या, "मॅडम, ती तुमची मीटिंग बंद पडली ना?"

मी गार!

"आमच्या केंद्राच्या खिडकीतून मार्केट दिसतं. मीटिंग बुधवारी सातची, तुम्हीच सांगितलं होतं. एप्रिलमध्ये त्याच वेळी तुम्ही वांगी घेत होता. मागच्या महिन्यात भेंडी."

"मग तरी विचारत का होता?"

"तुम्ही त्या बाईंचं सांगायला लागलात की जरा मोकळ्या होता. एरवी किती दमलेल्या दिसता ओ!"

बाहेर पेशंट ताटकळत होते. सगुणाबाई उठल्या नाहीत. मीही बेल वाजवली नाही.