लिंबावरची खोली

केदारखेडा
८ डिसेंबर २०२४

ती. रेणूआक्कास,
बिरूचा सा. न. वि. वि.

मोबाईलच्या जमान्यात भावाचं पत्र आलं म्हणून घाबरू नको. मोबाईल विहिरीत आहे. मीच फेकला. वंदनाशी भांडण झालं अन् हातात तेवढंच होतं.

रामप्रसादमामाच्या वंदनाला मी लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, तिला बी.ए. पुरं करून पुढं परीक्षा द्यायच्या आहेत. आपल्या दोन खोल्यांत एवढी माणसं, तिनं वाचायचं कुठं? मी कॉलेज मधीच सोडलं म्हणून तिनंबी सोडायचं का? शांत बसता येईल असा एक कोपरा दाखव, मंग बापाला विचार, म्हणाली. माझं डोकं फिरलं. कोपरा काय, आख्खी खोली देतो, झाडावर, असं बोलून बसलो.

आता मळ्यातल्या मोठ्या कडूलिंबाच्या बेचक्यात खोली बांधून राह्यलो. वर पत्रे, खाली फळ्या, अन् खिडकी रस्त्याकडं, म्हणजे तिची बस दिसेल. संक्रांतीनंतर ती तिच्या मायीसोबत आपल्याकडं हळदीकुंकवाला येणार आहे. खोली पसंत पडली न्हाई तर सगळं संपलं. कॉलेज सोडल्यापासून आबा माझ्याशी बोलत न्हाईत, त्यांना काय विचारणार? दाजींना सुतारकाम कळतं अन् तू बाई आहेस. दोघं मिळून जल्दी कळवा.

छकुलीला पापा. माझा राग येत असला तरी माया पातळ करू नको.
तुझा बिरू

आष्टी
१९ डिसेंबर २०२४

चि. बिरूस अनेक आशीर्वाद.

मी बाई आहे हे कामापुरतं का होईना तुला आठवलं, बरं झालं. विहिरीतला मोबाईल आता मासे वापरत असतील.

तुझे दाजी सांगतात ते नीट ऐक. खोडाला फळ्या घट्ट भिडवू नको, चार बोटं फट सोड. वाऱ्यात झाड हलतं, वाढतंबी. पत्र्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या अंथर, न्हाईतर फेब्रुवारीतच आत भाजणी होईल. भिंती कुडाच्या कर अन् शेणामातीनं लिंप, गार राहतात. रस्ता पश्चिमेला आहे, दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत येईल. ती खिडकी बंद कर, उत्तरेला काढ. दाजी हसून म्हणाले, खोली वंदनासाठी आहे का तुझ्या डोळ्यांसाठी, ते आधी ठरव.

माझं ऐकशील तर शिडी नको, कठड्याचा जिना कर. एका हातात पुस्तक अन् दुसऱ्यात साडीच्या निऱ्या धरून कोण माकडासारखं चढेल? पुस्तकांना फळी हात पोहोचेल अशी लाव. बसायला आपलं घोंगडं दे.

अन् एक कर, बिरू. ती काही बोलली तर लगेच पेटू नको. ऐकून घे. आबांची तब्येत कळव. इथून रोज आठवण निघते, तिकडूनबी निघू दे.
तुझी आक्का

केदारखेडा
२३ जानेवारी २०२५

ती. रेणूआक्कास,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं बराबर केलं. खिडकीसुद्धा हलवली, जीवावर आलं तरी. काल वंदना आली. तिची माय घरात वाण घेऊन राह्यली होती, तेवढ्यात मी हिला मळ्यात नेलं. जिना चढली, कठड्याला हात लावला, फळीवरून बोट फिरवलं. खूश दिसली. मी तर मनात वरात काढली.

तेवढ्यात आबा मेंढरं घेऊन आले अन् रोजच्यासारखी लिंबाखाली बसवली. वंदना माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, हेच का तुझं शांत? मी विचारलं, काय झालं? आक्का, देवाशपथ, मला काही ऐकूच आलं न्हाई! आपण त्या बें-बेंमध्येच जन्मलो. चार बोटांच्या फटीचा विचार केला, पण मेंढरं तुलाबी आठवली न्हाईत अन् मलाबी न्हाई.

मी धावत खाली आलो, आबांवर ओरडलो की मेंढरं हाकला. इतक्या महिन्यांनी आबा माझ्याशी बोलले, ते काय, तर झाड मेंढरांचं आहे, तू नंतर आलास. मंग मी कुऱ्हाडच उचलली. म्हणलं, जिना तोडतो, खोली पाडतो, जाऊ दे सगळं.

वंदना खिडकीतून वाकली. आधी ती कुऱ्हाड ठेव म्हणाली. मंग म्हणाली की घरी पुस्तक उघडलं की वंदे चहा टाक, वंदे भावाचा डबा भर. ही मेंढरं ओरडतेत, पण एकबी माझं नाव घेत न्हाई. तूबी थोडा वेळ माझं नाव घेऊ नको. असं म्हणून पिशवीतून पुस्तक काढलं अन् बसली.

मी खाली उभा. पसंत आहे का न्हाई, काहीच कळंना. हाक मारायला जीव नुसता तुटत होता. पावलं मोजली, ढेकळं फोडली, पण हाक मारली न्हाई. उन्हं कलल्यावर तिची माय शोधत आली अन् वर बघून हाक मारणार, तर मी हात जोडले. तीबी गप झाली. आम्ही तिघं, आबा धरून, खाली उभे अन् वर फक्त पान उलटत होतं.

उतरल्यावर तिनं आबांनाच सांगितलं की पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या बापाकडं या. आबा मेंढरांकडं बघत हो म्हणाले. तू अन् दाजी आदल्या शनिवारीच या. छकुलीला जिना चढायचा असेल, तिला सांग, वर कुणी वाचत असलं तर खालीच थांबायचं.

जशी माझ्यावर तशी आता तिच्यावरबी नजर असू दे.
तुझा बिरू